कोंदेसा आणि रविवारचा फोन

मंगळवारी सकाळी इराइदा कॉफी गाळत होती आणि लाइट गेली. लाइट जाण्याचं आमच्या बेटावरच्या नागुआबो गावात काय मेलं कौतुक! ढग गडगडला तरी जाते, वारा सुटला तरी जाते, आणि आभाळ लख्ख निळं असलं तर उगाच जाते. माणसं एक शिवी हासडतात आणि आपल्या कामाला लागतात. पण इराइदाच्या घरी लाइट गेली की तिला काही सुचायचं नाही, कारण तिच्या बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या टाकीचा पंप बंद पडायचा. त्या पंपाची घुरघुर तिच्या कानात इतकी मुरली होती की ती थांबली की घरातलं कुणीतरी श्वास घ्यायचं थांबल्यासारखं तिला वाटायचं.

"आली का अवदसा!" म्हणत ती कॉफी तशीच टाकून टाकीकडे धावली.

टाकीत कोंदेसा होती. कोंदेसा म्हणजे सरदारीण. इराइदाच्या मुलानं, रादामेसनं ठेवलेलं नाव. जातीनं ती ग्वाबारा, आमच्या डोंगरातल्या ओढ्यात दगडाखाली राहणारी कोळंबी. हाताच्या पंजाएवढी, जाड पायांची, काळसर तपकिरी. एवढं थोराड जनावर, पण ना नांगी, ना चावणं. पुढच्या चार हातांना बारीक केसांचे पंखे. पंपाच्या तोंडासमोर लाकडावर बसायचं, चारी पंखे उघडून धरायचे, वाहत्या पाण्यातून जे कण येतील ते गाळायचे आणि एकेक पंखा तोंडात घालून चाटून घ्यायचा. कुणावर झडप नाही, कुणाशी भांडण नाही. पाणी वाहतं असलं की हिचं ताट वाढलेलं. पाणी थांबलं की उपास.

रादामेस नोकरीसाठी फ्लोरिडाला गेला तेव्हा विमानतळावर जाण्याआधी टाकीसमोर उभा राहून त्यानं आईला बजावलं होतं, "ती पंखे उघडून बसलीये तोवर तू बिनघोर राहा. पण ज्या दिवशी खाली उतरून, पंखे मिटून वाळू टोचायला लागेल, त्या दिवशी समज, ती उपाशी आहे."

"तीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात पोरांना जेवू घातलंय मी," इराइदा म्हणाली होती. "एक कोळंबी नाही का सांभाळता यायची मला?"

आता पाणी थिजल्यासारखं उभं होतं. कोंदेसानं थोडा वेळ पंखे तसेच धरून ठेवले, मग एकेक करून मिटले. रादामेसनं अशा वेळेसाठी सेलवर चालणारा छोटा पंप ठेवला होता. इराइदानं तो कपाटातून काढला. आतले सेल फुगून त्यांना हिरवा गंज चढला होता. तिनं कपाळावर हात मारला आणि तो परत ठेवून दिला.

दुपार झाली तरी लाइट येईना. वीज कंपनीला फोन लावला तर एक गोड आवाज सांगत होता की आमची माणसं कामावर आहेत. कुठल्या कामावर ते देवाला ठाऊक! इराइदाच्या पायाला भिंगरी लागली. गॅलरीत जाऊन रस्त्याला गाडी दिसते का बघायचं, आत येऊन टाकी बघायची, पुन्हा गॅलरी. आणि असंच एकदा आत येऊन बघते तर कोंदेसा लाकडावरून खाली उतरलेली. पंखे मिटलेले. वाळू टोचत होती.

"उपाशी आहे ही," इराइदा म्हणाली. ती स्वयंपाकघरात गेली आणि शाळेतून निवृत्त होताना घरी आणलेली लांब दांड्याची मोठी पळी घेऊन आली. शेवाळाची हिरवी भुकटी चिमूटभर पाण्यात सोडली, पळी टाकीत बुडवली आणि गोल गोल ढवळायला लागली. पाणी फिरायला लागलं. थोड्या वेळानं कोंदेसानं मिशा हलवल्या, लाकडावर चढली, पळीकडे तोंड केलं आणि एक पंखा उघडला. मग दुसरा.

"खा, माझे आई, खा," इराइदा म्हणाली आणि ढवळत राहिली.

आता कुणी विचारेल, एका कोळंबीसाठी बाई एवढी का कासावीस? तर त्यामागे पावाच्या दुकानातली गोष्ट आहे.

रादामेस दर रविवारी प्रार्थनेनंतर फोन करायचा, चेहरा दिसणारा. तो म्हणायचा, "आशीर्वाद दे, आई." ती म्हणायची, "देव तुझं भलं करो, बाळा. जेवलास?" तो म्हणायचा, "हो. कोंदेसाला दाखव." मग इराइदा फोन टाकीकडे फिरवायची, आणि पुढचा सगळा वेळ त्याच्या गप्पा कोंदेसाशी. काय म्हणतेस, कशी आहेस, लठ्ठ झालीस की गं. इराइदा काचेच्या कडेला हात आखडून येईस्तोवर फोन धरून उभी. शेवटी, "बरं आई, आशीर्वाद दे," की संपलं. जावं तिथं ती कौतुकानं हे सांगायची. एकदा पावाच्या रांगेत सांगत होती, तर तिची शेजारीण ओब्दुलिया सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं, तो फोन तुला नसतोच मुळी, त्या कोळंबीला असतो! ती मेली की तुझा रविवारही मेला, लिहून ठेव."

रांगेतले सगळे हसले. इराइदाही हसली. घरी येऊन मात्र पाव न खाता ओट्यावर तसाच ठेवून बसली. त्या दिवसापासून तिनं ओब्दुलियाशी बोलणं टाकलं. पण बोलणं टाकलं म्हणून बोललेलं थोडंच पुसलं जातं? चिडायचं कारण काय, तर तिला ते खरं वाटलं होतं.

बुधवारीही लाइट नाही. इराइदाचा खांदा भरून आला होता. ती मलम चोळायची, फडकं गुंडाळायची आणि पुन्हा पळी धरायची. हात थांबला की कोंदेसा खाली उतरे. ढवळलं की वर चढे. आणि कुंपणापलीकडे ओब्दुलियाचा जनरेटर ढणाणा चालू होता.

वादळवाऱ्याच्या दिवसांत आमच्या गल्लीत एक रीत आहे. ज्याच्याकडे जनरेटर, त्यानं शेजाऱ्याला वायर द्यायची. कुंपणावरून, खिडकीतून, आंब्याच्या फांदीवरून वायरी गेलेल्या असतात. कुणाची वायर कुणाकडे गेलीये यावरून गावात सोयरीक कळते. मात्र एक आहे: वायर न मागता कुणी देत नाही. न मागता दिली तर तो उपकार होतो आणि आमच्याकडे उपकाराइतकं कुणाला काही झोंबत नाही.

इराइदा मागच्या अंगणात आली. ओब्दुलिया कोंबड्याला दाणे टाकत होती. तिनं मान वर केली नाही. कोंबड्यालाच म्हणाली, "ऐकलंस का रे? काही लोक सकाळपासून आत-बाहेर, आत-बाहेर करतायत. पायाखालची फरशी झिजेल त्यांच्या."

इराइदानंही कोंबड्यालाच उत्तर दिलं. "तुझ्या मालकिणीला सांग, आमची फरशी, आम्ही झिजवू."

"त्यांना सांग रे, कुणाला वायर हवी असेल तर तोंड उघडून मागावी. आमचा जनरेटर काही मनकवडा नाही."

"आणि तिला सांग, आम्ही उपाशी मरू पण..." इराइदा बोलता बोलता थबकली. उपाशी ती मरणार नव्हती. तिच्याकडे गॅसची शेगडी होती, तांदूळ होता, तुरीचे हिरवे दाणे होते. उपाशी दुसरंच कुणी होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात ते काही खोटं नाही. तिनं कोंबड्यावरची नजर काढली.

"ओब्दुलिया, वायर दे."

ओब्दुलियाचा दाण्यांचा हात तसाच राहिला. एवढ्या महिन्यांनी आपलं नाव त्या तोंडून ऐकून तीही चपापली असावी. "कशाला?"

"कशाला ते तुला माहितेय."

"येशू, मारिया! माझा फ्रीज कसाबसा चालतोय आणि हिला कोळंबीला वीज हवी!" असं बडबडत ती आत गेली आणि नारिंगी वायरचं भेंडोळं घेऊन आली. कुंपणावरून देताना तिनं इराइदाच्या खांद्यावरचं फडकं बघितलं. "हे गं काय?"

"काही नाही. पाणी ढवळत होते."

ओब्दुलियानं भेंडोळं तिच्या हातात दिलं. मग म्हणाली, "पेट्रोल जपून वापरायचंय. सकाळ-संध्याकाळच चालवीन. मधल्या वेळात तुझी तू बघ."

तशी तजवीज झाली. जनरेटर चालू असला की पंप, बंद झाला की पळी. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. इराइदाला बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं. डोळा लागला की कानात घुरघुर थांबल्याचा भास व्हायचा आणि ती ताडकन उठायची. आणि शुक्रवारी कोंदेसा दिसेनाशी झाली. पंप चालू असूनही लाकडावर नाही, वाळूत नाही. इराइदानं चारी बाजूंनी डोकावून बघितलं, काचेवर टकटक केली. टाकीबाहेर चढून पडली की काय म्हणून सोफ्याखाली झाडू घातला. धुळीखेरीज काही निघालं नाही. "लपली असेल," ती स्वतःला म्हणाली. पण मन चिंती ते वैरी न चिंती.

शनिवारी दुपारी लाइट आली. आमच्याकडे लाइट आली की सगळा मोहल्ला एका आवाजात ओरडतो, "लाइट आलीऽऽ!" पोरं थाळ्या बडवतात, गाड्यांचे भोंगे वाजतात, जणू गावानं अजिंक्यपद जिंकलंय. पंप घुरघुरला, पाणी वाहायला लागलं, आणि त्या वाहत्या पाण्यानं लाकडाच्या मागून काहीतरी ढकलत पुढे आणलं. कोंदेसा. कलंडलेली. पंखे लोंबत होते. गल्ली आनंदानं ओरडत होती आणि इराइदा पळी आणायला गेली.

तिनं पळीनं तिला अलगद उचललं. किती हलकी! रंग उडून गेलेला. पाठीवर आडवी चीर. "उपासानं वाळली गं माझी बाय," इराइदा म्हणाली आणि पदर नव्हता म्हणून फडक्यानंच डोळे पुसत रडली. आधी कोळंबीसाठी रडली. मग मात्र दुसरंच काहीतरी आठवून जास्त रडली. उद्या रविवार होता.

ओब्दुलिया वायर परत न्यायला आली तेव्हा तिला वेगळंच दृश्य दिसलं. इराइदा बाही वर सारून टाकीत दंडापर्यंत हात घालून उभी. दातांत शिवणाचा पांढरा दोरा. कोंदेसा पंपाच्या तोंडासमोर, लाकडावर, आपल्या नेहमीच्या जागी बसलेली. पाण्याच्या झोतानं पंखे हलत होते.

"बरी आहे की ही!" ओब्दुलिया म्हणाली.

"मेलीये."

ओब्दुलिया वाकून बघत राहिली. मग तिनं छातीवर क्रूस काढला. "अगं बया! बांधून बसवलीस?" हल्ली आमच्याकडे मयताला नटवून, आवडत्या खुर्चीत बसवून शेवटची भेट घडवायची टूम निघाली आहे. कुणाला पत्त्यांच्या टेबलाशी बसवतात, कुणाला मोटारसायकलवर. "त्या मयतघरवाल्यांना तू हवी होतीस. खरी वाटतेय."

"रादामेसला नाही ना कळणार?"

ओब्दुलियाच्या तोंडाशी एक टोमणा आला असणार, कारण तिचे ओठ तसे हलले. पण तिनं इराइदाचं तोंड बघितलं आणि तो गिळला. "फोन जरा लांबून धर," ती हळूच म्हणाली. "आणि इराइदा, पावाच्या दुकानात मी बोलले ते... माझी जीभ म्हणजे नुसता वस्तरा आहे गं. माझी मुलगी मागच्या गल्लीत राहते, ती तर दारातसुद्धा येत नाही."

इराइदानं तिला कॉफी दिली.

रविवारी इराइदा प्रार्थनेला गेलीच नाही. सकाळपासून घरभर फिरत होती. दोरा दिसतोय का ते सोफ्याजवळून बघ, दारातून बघ. टाकीमागचा दिवा बंद कर, पुन्हा चालू कर. फोन वाजला तेव्हा तिचा हात अजून दिव्याच्या बटणावरच होता.

"आशीर्वाद दे, आई."

"देव तुझं भलं करो, बाळा. जेवलास?"

"हो. लाइट गेली होती ना गं तिकडे? बातमीत बघितलं. कोंदेसा कशी आहे? दाखव."

इराइदानं फोन फिरवला आणि लांबूनच धरला. "ही बघ. मजेत आहे. पंखे बघ कशी हलवतेय. भरपूर खाते. कालच म्हटलं तिला, अगं जरा कमी खा..." ती बोलत सुटली. थांबलं तर तो काहीतरी विचारेल म्हणून तिला थांबायचंच नव्हतं.

रादामेसनं तिला बोलू दिलं. मग म्हणाला, "जवळ ने ना फोन."

"जवळ नेला की ती बुजते."

"आई," तो म्हणाला, "तो दोरा कसला गं?"

झालं! इराइदानं फोन खाली केला. "मेली रे," ती म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. "मेली, रादामेस. पंप बंद पडला होता, मी ढवळत होते, पण माझा हात कमी पडला. मला माफ कर, बाळा. मी तुला फसवणार नव्हते, म्हणजे फसवणारच होते, पण..."

रादामेस हसायला लागला. चांगला खदखदून. "आई! अगं, मेली नाही ती. तिनं कात टाकलीये! ते तिचं जुनं टरफल आहे. पाठीवर चीर आहे बघ, तिथून बाहेर पडली. आता अंग मऊ आहे म्हणून लाकडाच्या पोकळीत लपून बसली असेल. दोन-चार दिवसांत येईल बाहेर. कोळंबीचं टरफल बांधून ठेवलंस तू! पंपाला!"

इराइदा आ वासून टाकीकडे बघत राहिली. एवढी रडली, दोरा बांधला, ओब्दुलियानं क्रूस काढला, आणि कुणासाठी? उतरवलेल्या झग्यासाठी! तिला हसू येत होतं आणि रडू थांबत नव्हतं.

मग पलीकडचं हसणं एकाएकी थांबलं. "आई, पण तू ती बांधलीस कशाला? मला सांगायचंस की मेली म्हणून."

इराइदा बाहीनं टाकीची काच पुसायला लागली.

"आई?"

"सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी फोन कशाला केला असतास तू?" ती टाकीकडे तोंड करूनच म्हणाली. "कुणासाठी?"

फोन बंद झाला की काय असं तिला वाटलं. तिनं तो कानाशी नेला.

"पहिल्या महिन्यात," रादामेस म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला होता, "पहिल्या महिन्यात एकदा तुझ्याशी बोलून झाल्यावर मी बॅग भरली होती. खरंच भरली होती. तू दिसलीस ना, की मला सगळं सोडून यावंसं वाटतं. म्हणून मी कोंदेसाला दाखव म्हणतो. ती बरी. ती 'कधी येतोस' म्हणून विचारत नाही."

"मी तरी कुठं विचारते?"

"तोंडानं नाही विचारत."

रागवावं तर राग येत नव्हता. इतके महिने काचेच्या कडेला हात आखडेपर्यंत उभी राहिले ती उगाचच, एवढं मात्र तिला वाटलं.

"फोन तुझ्याकडे फिरव," तो म्हणाला.

"नको रे. केस बघ माझे. आठवडाभर झोप नाही, भूत झालंय माझं."

"फिरव गं."

तिनं फोन फिरवला आणि टाकीकडे तोंड करून सोफ्यावर बसली. पडद्यावर त्याचा चेहरा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. तो तिच्याकडे नीट बघत होता. "खांद्याला काय बांधलंयस?"

"म्हटलं ना, ढवळत होते. तिला वाहतं पाणी लागतं."

त्यानं नाक ओढलं. मग गुडघा कसा आहे ते विचारलं. मग आज काय रांधलंस. तुरीच्या दाण्यांचा भात म्हटल्यावर, त्यात ऑलिव्ह घातलेस का, डुकराच्या मांसाचे तुकडे घातलेस का, खालची खरपूड कुणी खाल्ली. ओब्दुलियाशी बोलतेस का परत? वायर मागितलीस? तू? खोटं! सगळं सांग, पहिल्यापासून सांग. इराइदा सांगायला लागली. कोंबड्यापर्यंत आली तेव्हा तो पोट धरून हसत होता.

तेवढ्यात फोनच्या वरून तिला दिसलं. लाकडाच्या पोकळीतून आधी मिशा बाहेर आल्या. मग पाय. नव्या अंगाची, तकतकीत, थोडी मोठीच झालेली कोंदेसा सावकाश चालत वर चढली, बांधलेल्या टरफलाला ढकलून बाजूला सारलं आणि पंपाच्या तोंडासमोर बसली. तिनं एक पंखा उघडला, मग दुसरा, मग चारीच्या चारी.

इराइदाचा हात फोन फिरवायला वळलाही होता. तिनं तो आवरला.

"आई, कुठे बघतेस?"

"कुठे नाही," इराइदा म्हणाली. "तू बोल."